नर्सिंगची नोकरी आणि 'मानसिक आजार झाला आहे का?' हा रकाना

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बी.एस्सी. नर्सिंग झालंय, आयसीयूचा चांगला अनुभव आहे. दोन वर्षांपूर्वी नैराश्याचा मोठा त्रास झाला, नऊ दिवस भरती राहावं लागलं आणि आठ महिने नोकरी सुटली. आता सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी १०० मिलिग्रॅम रोज सुरू आहे. तब्येत वर्षभरापासून स्थिर आहे आणि गेले दहा महिने नागपूरच्या धंतोलीतल्या एका नर्सिंग होममध्ये नाईटसकट काम करताय. वर्धा रोडवरच्या एका मोठ्या हॉस्पिटलची ऑफर आली, पण जॉयनिंगच्या कागदांत 'आपल्याला कधी मानसिक आजार झाला आहे का? हो / नाही' असा रकाना आहे. पुढे सरकारी स्टाफ नर्स भरतीचाही अर्ज करायचा आहे. खरं लिहिलं तर नोकरी जाईल आणि खोटं लिहिलं तर कधीतरी उघड होईल, ही तुमची भीती.

'सांगू की लपवू' असा प्रश्न धरला की उत्तर सापडत नाही. कोणाला, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या कागदावर आणि किती शब्दांत सांगायचं, अशी त्याची फोड केली की बराचसा गुंता सुटतो. माझं काम उमेदवारांच्या प्री-एम्प्लॉयमेंट मेडिकलचं, म्हणजे नोकरीआधीच्या वैद्यकीय तपासणीचं. त्या बाजूने बघितलं तर अडचणीत येणाऱ्या बहुतेकांना आजार नडत नाही. चुकीच्या माणसाला नको तेवढं सांगणं, किंवा सही केलेल्या कागदावर खोटं लिहिणं, हे नडतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. फॉर्ममधली शब्दरचना काय आहे, आजार कोणता आणि किती दिवस स्थिर आहे, पोस्टिंग कुठल्या वॉर्डात आहे, नाईट किती आहेत, आणि मालक सरकारी आहे की खाजगी, यांवर उत्तर बदलतं. पुढचं सगळं तुम्ही दिलेली माहिती धरून लिहितोय.

आधी मुलाखत. तिथे आजाराविषयी बोलण्याची काहीही गरज नाही आणि बोलूही नये. मेट्रन आणि एचआर तुमचं काम तपासायला बसलेले असतात. तब्येतीचा निर्णय घेण्याचं शिक्षणही त्यांचं नाही आणि ती माहिती सांभाळायची व्यवस्थाही त्यांच्याकडे नाही. आठ महिन्यांच्या गॅपबद्दल विचारतीलच. तेव्हा 'तब्येतीच्या कारणाने ब्रेक घेतला होता, उपचार झाले, आता दहा महिन्यांपासून नियमित ड्युटी करतेय' एवढं एक वाक्य पुरतं. ते खरं आहे आणि पूर्णही आहे. 'काय झालं होतं?' असा पुढचा प्रश्न आला तर 'ते मी मेडिकलच्या वेळी डॉक्टरांना सविस्तर सांगीन' असं शांतपणे म्हणा. गॅप झाकायला लग्न, आजीचं आजारपण, एखादा कोर्स असलं काही रचू नका. नागपुरात नर्सिंगचं वर्तुळ लहान आहे. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, धंतोली, रामदासपेठ, सगळीकडे कोणाची तरी बॅचमेट असतेच आणि रेफरन्सचा फोन थेट तिलाच जातो.

मग येतो तो फॉर्म. असे रकाने साधारण तीन प्रकारचे असतात आणि प्रत्येकाला उत्तर वेगळं. 'कामावर परिणाम करेल असा काही आजार आहे का?' असं विचारलं असेल, तर तुमच्या आजच्या स्थितीत 'नाही' हे प्रामाणिक उत्तर ठरू शकतं, कारण दहा महिन्यांची ड्युटीच त्याचा पुरावा आहे. 'सध्या कोणते उपचार किंवा औषधं सुरू आहेत का?' याला मात्र 'हो'च. आणि 'कधी झाला आहे का?' या तुमच्या रकान्यालाही 'हो'च, कारण शब्द 'कधी' असा आहे.

'नाही' का लिहू नये, याचं कारण नैतिकतेपेक्षा व्यवहाराचं आहे. फॉर्मच्या खाली 'वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास सेवा समाप्त करता येईल' अशा अर्थाची ओळ असते आणि तुमची सही त्याखाली असते. समजा, प्रोबेशनच्या चौथ्या महिन्यात त्रास वाढला आणि आठ दिवसांच्या रजेसाठी मनोविकारतज्ज्ञांचं सर्टिफिकेट जोडावं लागलं. त्यावर 'दोन वर्षांपासून उपचाराखाली' असं लिहिलेलं असतं. फाइलमध्ये दोन कागद शेजारी आले की मुद्दा आजाराचा राहत नाही, खोट्या डिक्लरेशनचा होतो. आजारावरून काढलं असतं तर भांडायला कायदा होता. खोट्या सहीवरून काढलं तर तुमची बाजू फार लंगडी होते.

याच्या उलट, विचारलेलंच नसेल तर आपणहून लिहायचं बंधन नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात म्हटलं होतं की, माहिती दडवली की नाही हे ठरवायचं तर फॉर्ममधला प्रश्न नेमका असला पाहिजे आणि जे नेमकं विचारलं तेवढंच सांगणं बंधनकारक आहे. तो खटला गुन्ह्यांच्या माहितीचा होता, आजाराचा नव्हता, हे लक्षात ठेवा. पण फॉर्म वाचण्याची रीत म्हणून ते तत्त्व उपयोगाचं आहे: प्रश्न शब्दशः वाचा आणि तेवढ्याचंच उत्तर द्या. रकाना कोरा सोडणं, आडवी रेघ मारणं किंवा 'लागू नाही' लिहिणं टाळा. क्लार्क तो फॉर्म परत पाठवतो, किंवा पुढे त्याचा अर्थ 'नाही' असा लावला जातो.

तुमच्या फॉर्मवर 'हो' ला खूण करून समोर एवढंच लिहा: 'पूर्वी उपचार झाले, सध्या स्थिर, नियमित कामावर. तपशील वैद्यकीय अधिकाऱ्यांना सादर करीन.' आजाराचं नाव, भरतीचे दिवस, गोळीचं नाव यांतलं काही त्या रकान्यात नको. हा फॉर्म एचआरच्या फाइलला लागतो आणि ती फाइल किती टेबलांवरून फिरते ते तुम्हालाही माहीत आहे. जुनं प्रिस्क्रिप्शन किंवा डिस्चार्ज कार्ड व्हॉट्सॲपवर मागितलं तर पाठवू नका. 'मेडिकलच्या दिवशी डॉक्टरांना दाखवते' असं सांगा.

आता मेडिकलच्या टेबलापलीकडे काय चालतं ते सांगतो, म्हणजे धाकधूक कमी होईल. आयसीयू नर्सच्या तपासणीत डॉक्टरांचा वेळ हिपॅटायटिस बी, छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिन, नजर, पाठ आणि कंबर यांवरच जास्त जातो. मानसिक आजाराचा उल्लेख आला की जाणता डॉक्टर थोडेच प्रश्न विचारतो. शेवटचा मोठा त्रास कधी झाला? गेल्या तीन महिन्यांत औषध किंवा डोस बदलला का? झोप कशी आहे, आणि नाईटनंतर दिवसा झोप लागते का? स्वतःला इजा करण्याचे विचार अलीकडे आले होते का? दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय आहे का? हा शेवटचा प्रश्न आयसीयू, ओटी आणि भूलविभागासाठी खोदून विचारला जातो, कारण तिथे फेंटानिल, मिडाझोलाम, केटामाइन अशी सवय लागू शकणारी औषधं हाताशी असतात. त्यात अपमान वाटून घेऊ नका. आजार नसलेल्यांनाही तो विचारायलाच हवा, पण बहुतेक ठिकाणी विचारत नाहीत.

शेरे साधारण चार प्रकारचे पडतात: फिट, काही अटींसह फिट, तात्पुरतं अनफिट, अनफिट. तुमच्यासारख्या स्थितीत पहिले दोनच अपेक्षित आहेत. 'तात्पुरतं अनफिट' बहुधा त्यांना मिळतं ज्यांचं औषध नुकतंच बदललंय. नैराश्याच्या गोळीचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून तेवढ्या काळाने फेरतपासणी ठेवतात. तो नकार समजू नका, पण फेरतपासणीची तारीख लेखी घ्या, नाहीतर 'नंतर कळवतो' म्हणत जागा भरली जाते.

इथे एक घातक प्रकार वारंवार दिसतो. मेडिकलमध्ये 'सध्या औषध नाही' असं खरेपणाने सांगता यावं म्हणून उमेदवार महिना-पंधरा दिवस आधी गोळी स्वतःच्या मनाने बंद करतात. सर्ट्रालिन एकदम थांबवलं तर काही दिवसांतच चक्कर, चिडचिड, झोपमोड सुरू होते, म्हणजे नेमकी तपासणीच्या दिवशीच तब्येत बिघडलेली दिसते. आणि आजार उलटायचा असेल तर पुढच्या काही महिन्यांत उलटतो, ऐन प्रोबेशनमध्ये. गोळी सुरू असणं डॉक्टरच्या नजरेत तुमच्या बाजूचा मुद्दा आहे.

लघवीची ड्रग टेस्ट असेल तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. स्ट्रिपवर किंवा इम्युनोअसेवर होणाऱ्या चाचणीत सर्ट्रालिन घेणाऱ्यांचा बेन्झोडायझेपिनचा (झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्यांचा एक गट) निकाल चुकून पॉझिटिव्ह येऊ शकतो. मानसिक आजारावरच्या इतर औषधांपैकी क्वेटियापिनमुळे मेथाडोनचा आणि ब्युप्रोपिऑनमुळे ॲम्फेटामिनचा असाच गोंधळ होतो. म्हणून नमुना देण्याआधीच सुरू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना द्या आणि निकाल अडला तर जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस या जास्त अचूक चाचण्यांवर खातरजमा मागा. निकाल आल्यावर सांगितलं की ती सबब वाटते.

या सगळ्यात सर्वांत जास्त उपयोगी पडणारा कागद म्हणजे तुमच्या मनोविकारतज्ज्ञांचं पत्र. ते महिन्याभराच्या आतलं असावं आणि पाच-सहा ओळींचंच असावं. किती काळापासून उपचाराखाली, किती महिन्यांपासून स्थिर, फॉलोअप नियमित आहे का, औषधाने गुंगी किंवा एकाग्रतेवर परिणाम आहे का, शिफ्ट ड्युटीसह नर्सिंगचं काम करायला सक्षम आहे का, आणि काही सोय लागत असेल तर कोणती, एवढंच त्यात यावं. निदानाचं नाव घालायचं की नाही, हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. माझ्या मते परीक्षक डॉक्टरांसाठीच्या पत्रात ते असलेलं बरं, कारण नसलं की समोरचा त्याहून वाईट काहीतरी गृहीत धरतो. 'शी इज फिट' एवढ्या एका ओळीचं सर्टिफिकेट मात्र निरुपयोगी असतं. त्यावरून काहीच ठरवता येत नाही आणि ते मागून आणल्यासारखं दिसतं. लेटरहेडवर 'मनोविकारतज्ज्ञ' किंवा 'प्रादेशिक मनोरुग्णालय' छापलेलं असतंच. म्हणून पत्र बंद पाकिटात घ्या, वर 'वैद्यकीय अधिकारी, गोपनीय' लिहा आणि स्वतःच्या हाताने द्या.

त्या पत्रासोबत सध्याच्या नर्सिंग होमचं अनुभवपत्र जोडा आणि त्यात नाईट ड्युटीचा उल्लेख मागून घ्या. दहा महिने रोटेशनमध्ये नाईट केल्याचा कागद कुठल्याही निदानापेक्षा जास्त बोलतो. जुने उपचाराचे कागद हरवले असतील तर तेव्हा ज्या रुग्णालयात भरती होतात तिथे लेखी अर्ज करा. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती रुग्णाची कागदपत्रं ३ वर्षं ठेवावी लागतात आणि मागणी आल्यावर ७२ तासांत द्यावी लागतात. तुमची दोन वर्षं झालीत, म्हणजे अजून वेळ आहे, पण फार नाही.

सोय मागायची असेल तर तीही आत्ताच आणि कामाच्या भाषेत मागा. 'मला ताण सहन होत नाही' असं लिहिलं की आयसीयू गेलीच. 'सलग चारपेक्षा जास्त नाईट नकोत, नाईटनंतर एक पूर्ण सुटी, आणि महिन्यातून एक ओपीडीची अर्धी रजा' असं लिहिलं तर इन्चार्ज सिस्टरला रोस्टरमध्ये बसवता येतं. काही नको असेल तर नको म्हणा. उगाच मागून ठेवण्यात अर्थ नाही.

हे वाचणाऱ्या बायपोलरच्या (नैराश्य आणि अतिउत्साह आलटून पालटून येणारा आजार) उमेदवारांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण त्यांना नाईटचा मुद्दा टाळता येत नाही. झोपमोड हीच मेनियाची, म्हणजे अतिउत्साहाच्या झटक्याची, मोठी ठिणगी असते, त्यामुळे त्यांच्यासाठी ठरावीक शिफ्ट ही चैन नाही. त्या आजारावरचं लिथियम सुरू असेल तर रक्तातली पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर राखतात आणि नमुना शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यावा लागतो. शिफ्ट बदलली की गोळीची वेळ सरकते आणि सकाळच्या नमुन्याचा आकडा फसवा येतो. शिवाय नागपूरचा मे महिना. पारा ४५ च्या आसपास, दुपारच्या ड्युटीला स्कूटीवरून जायचं, पाणी कमी, आणि डोकं दुखलं म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन. शरीरातलं पाणी घटणं आणि ही दुखण्याची औषधं, दोन्हींनी लिथियमची पातळी वाढते. हात थरथरणं, जुलाब, तोल जाणं दिसलं तर 'ऊन लागलं' म्हणून घरी झोपून राहू नका, त्याच दिवशी पातळी तपासा.

कायदा काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, दोन्ही माहीत असावं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की पूर्वी उपचार घेतले किंवा भरती होता, एवढ्यावरून आज मानसिक आजार आहे असं ठरवता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. पण तिथलं कर्तव्य उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर टाकलेलं आहे. एचआरचा माणूस त्यात बसत नाही, आणि तपासणी करणारा डॉक्टर तुमच्यावर उपचार करत नसतो. म्हणूनच पाकीट, म्हणूनच मोजके शब्द. पत्रासोबत तुमच्याकडून एक ओळ लेखी द्या: 'ही माहिती केवळ फिटनेस ठरवण्यासाठी आहे, व्यवस्थापनाला फक्त फिटनेसचा शेरा कळवावा.'

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे, पण दीर्घकालीन आणि बराच परिणाम करणारा आजार असेल तर. तुमचं नैराश्य आज त्यात बसेलच असं नाही. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचं कलम २० सरकारी आस्थापनांपुरतं आहे. समान संधी धोरण मात्र कलम २१ प्रमाणे खाजगी आस्थापनांनीही करायचं आहे. ऑफर देणाऱ्या हॉस्पिटलच्या वेबसाइटवर ते आहे का बघा, फॉर्म वाचण्याआधीच त्यांचा स्वभाव कळतो. आणि स्पष्टच सांगतो: खाजगी हॉस्पिटलने ऑफर मागे घेऊन 'जागा रद्द झाली' म्हटलं तर खरं कारण सिद्ध करणं अवघड असतं. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. खोट्या सहीचा धोका मात्र नोकरी असेपर्यंत सोबत राहतो, एवढाच हिशोब आहे.

सरकारी भरतीत क्रम वेगळा आहे. तिथे आधी गुणवत्तेवर निवड होते आणि मग वैद्यकीय तपासणी, त्यामुळे आजारावरून आधीच चाळणी लावायला वाव कमी. शारीरिक पात्रता प्रमाणपत्राच्या रूढ नमुन्याचा आशय असा असतो की 'अमुक सोडून कोणताही आजार आढळला नाही आणि अमुक हा या पदासाठी अपात्रतेचं कारण आहे असं मला वाटत नाही.' म्हणजे आजाराची नोंद आणि 'पात्र' हा शेरा एकाच कागदावर राहू शकतात. मेडिकल बोर्डापुढेही तेच पत्र, तेच अनुभवपत्र न्या. दोन ठिकाणी दोन वेगळ्या कथा नकोत. अपात्र ठरवलं तर अपिलाची मुदत पत्रात बघा. ती छोटी असते, म्हणून दुसऱ्या तज्ज्ञाचं मत लगेच घ्या.

दिव्यांग आरक्षण घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. चार टक्क्यांपैकी एक टक्का ज्या गटाला आहे त्यात मानसिक आजार येतो, पण अपंगत्व किमान ४० टक्के लागतं आणि ते आयडियाज या मोजपट्टीवर ठरतं. त्यात स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि काम यांचे गुण धरले जातात. नियमित आयसीयू करणाऱ्या माणसाला तिथे ४० टक्के मिळणं कठीण आहे, आणि ओढूनताणून मिळवलं तर तोच कागद 'आयसीयूला सक्षम' या तुमच्या दाव्याविरुद्ध उभा राहील. तुमच्या स्थितीत मी त्या वाटेला जाणार नाही. ज्यांना खरोखर मिळतं त्यांनी जाहिरातीत ते पद त्या प्रवर्गासाठी निश्चित केलंय का हे आधी बघावं.

रुजू झाल्यानंतरचं एक सांगायचं राहतंय, आणि माहिती फुटते ती बहुधा इथे. स्टाफ कन्सेशन मिळतं म्हणून लोक आपल्याच हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत नाव काढतात. तो केसपेपर कॉम्प्युटरवर चढतो आणि रिसेप्शनपासून फार्मसीपर्यंत कोणालाही दिसतो. शे-दोनशे रुपये वाचवू नका, सध्याचे डॉक्टर आणि बाहेरचं मेडिकल स्टोअरच चालू ठेवा. ग्रुप मेडिक्लेममध्ये भरतीचा क्लेम टाकायचा असेल तर कागद एचआरमार्फत जातात की थेट टीपीएकडे (विम्याचे दावे हाताळणारी कंपनी), हे आधी विचारा. वॉर्डात इन्चार्ज सिस्टरला रोस्टरपुरतं सांगा, मैत्रिणींना सांगायचं की नाही ही पूर्णपणे तुमची मर्जी.

मधल्या काळात झोप उडाली, जगू नये असं वाटू लागलं किंवा औषधांच्या ट्रॉलीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जाऊ लागलं, तर जॉयनिंगची तारीख पुढे ढकलून घ्या आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तारीख पुढे मागायला 'वैद्यकीय कारण' एवढे दोन शब्द पुरेत.

तुमची जॉयनिंगची तारीख जवळ असेल तर आधी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्या, कारण पत्राला वेळ लागतो. फॉर्म त्यानंतर भरा. भरलेल्या फॉर्मची आणि पत्राची प्रत्येकी एक झेरॉक्स घरी ठेवा, आणि पाकीट दिल्याची पोच तारखेसह घ्या.